साहेबांची गाडी

“एकतीस लाख, मागच्या रांगेतल्या ताई. एकतीस! सत्तेचाळीस नंबर, तुमचं काय?”

सत्तेचाळीस नंबर म्हणजे मी. आत शिरताना प्रत्येकाच्या हातात दांड्याची एक पुठ्ठ्याची पाटी दिली होती, तिच्यावर नंबर. बोली वाढवायची असेल तर ती वर करायची. मी केली.

“बत्तीस! ताई?”

मी मागे वळून पाहिलं नाही. डिसेंबरची सकाळ होती. पुण्यात मुंढव्याच्या बाजूला एका हॉटेलच्या हिरवळीवर मांडव घातला होता आणि व्यासपीठासमोर एकेक जुनी गाडी ढकलत आणून उभी करत होते. सात गाड्या होऊन गेल्या होत्या. मी त्यांतल्या एकीकडेही धड बघितलं नव्हतं. मी आलो होतो आठवीसाठी. १९६१ची जॅग्वार मार्क टू, गर्द हिरवा रंग, तारांची चाकं, आत तांबडं कातडं. माहितीपत्रकात तिला ‘स्पोर्ट्स सलून’ म्हटलं होतं. म्हणजे चार दारांची, घरच्या माणसांना घेऊन फिरायची, पण एकदा पळायला लागली की घरच्या माणसांनी मुकाट बसावं अशी. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने सहा वर्षं खपून ती नव्यासारखी केली होती, आणि आता तो परदेशी चालला होता.

“तेहतीस. ताई तेहतीस म्हणतायत.”

मी पाटी वर केली.

“चौतीस लाख, सत्तेचाळीस नंबर! ताई, शेवटचं विचारतो.”

आता मात्र मी वळलो. मागच्या रांगेत एकवीस-बावीस वर्षांची एक मुलगी बसली होती. साधा सुती पंजाबी ड्रेस, मांडीवर कापडी पिशवी. तिचा हात अर्धा वर आला, तिथेच थांबला, आणि मग तिने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. व्यासपीठावरच्या माणसाने हातोडी आपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी माझा हात हातात घेऊन हलवला आणि “अभिनंदन, आता घरी जाऊन बायकोला काय सांगणार?” असं विचारलं. मी हसलो. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भोसरीचं वर्कशॉप मी त्याच उन्हाळ्यात विकलं होतं, आणि ते पैसे बँकेत पडून होते. सकाळी उठून जायला जागा नसणं ही काय चीज असते ते मला सहा महिन्यांत चांगलंच कळलं होतं.

मांडवाच्या कडेला चहाचं टेबल होतं. कागदपत्रांना अर्धा तास लागेल म्हणाले, म्हणून मी कप घेऊन तिथेच उभा राहिलो. ती मुलगी सरळ माझ्याकडेच आली.

“काका, जॅग्वार तुम्हीच घेतलीत ना?”

“हो.”

“अभिनंदन. एक विचारायचं होतं. रागावणार नसाल तर.”

“विचारा की.”

“माझ्या बाबांना एकदा त्या गाडीत बसायचंय. फक्त बसायचं. तुम्ही म्हणाल तिथे मी त्यांना घेऊन येईन. ते आता फारसे हिंडत नाहीत. शुगरने त्यांचे डोळे गेलेत.” ती एका दमात बोलत होती, वाटेत थांबली तर धीर सुटेल अशी. “ती आमच्या आजोबांची गाडी होती. बाबांना तिचा नंबर अजून पाठ आहे. मी इंटरनेटवर जाहिरात वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, शिरोळीचा प्लॉट विकू, पण बघ जमतं का. तेहतीसपर्यंत जा म्हणाले होते. मी विचारलं, दिसत नाही तर गाडी घेऊन करणार काय? तर म्हणाले, बसायला तर येतं.”

मी कप खाली ठेवला.

“तुम्ही कुठल्या?” मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“कोल्हापूर. मी सन्मती मगदूम.”

ही भूपालची मुलगी. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाची. तिला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ती जन्मल्याचं मला एका लग्नात तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं.

“काका?”

“मी नाही घेतली,” मी म्हणालो. “म्हणजे, साहेबांनी घेतली. मी त्यांचा माणूस. ड्रायव्हर.”

हे वाक्य कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. एखादा माणूस अंगावर येणाऱ्या गोष्टीपुढे नुसता हात आडवा धरतो, तसं ते तोंडातून निघालं. तिने माझ्या कपड्यांकडे पाहिलं. पांढरा बुशशर्ट, करडी पँट. तिला ते पटलं.

“मग साहेबांना विचाराल?”

“विचारतो. नंबर देऊन ठेवा.”

त्या गाडीची हकीकत थोडक्यात सांगतो. आमच्या वडिलांची कोल्हापुरात उद्यमनगरला फाउंड्री होती. एका जहागीरदाराच्या वारसांकडून त्यांनी ती गाडी अडुसष्ट साली घेतली, मोडक्या अवस्थेत. मला तिच्यात रस नव्हता. भूपालला होता. तो सहा-सात वर्षांचा असल्यापासून वडिलांबरोबर तिच्याखाली आडवा पडलेला असायचा. दोघं रविवार रविवार तेलात माखायचे, आणि मी फाउंड्रीची पत्रं टाइप करत बसायचो. वडील गेले तेव्हा भूपाल बेळगावला इंजिनिअरिंगला होता. मला पुण्याला जायचं होतं. फाउंड्री मोडीत काढायची ठरली त्यात त्याने काही म्हटलं नाही. पण गाडी मी त्याला न विचारता विकली. त्याची परीक्षा चालू होती, कशाला त्रास द्या, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण एवढंच, की विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.

परीक्षा संपवून तो घरी आला, पत्र्याच्या शेडचं दार उघडलं, आणि आत नुसती जमीन बघून परत फिरला. भांडला असता तर बरं झालं असतं. तो जेवला, आईशी बोलला, सकाळच्या गाडीने बेळगावला गेला. त्यानंतर तो माझ्याशी कधी बोलला नाही. आई गेली तेव्हा आम्ही बारा दिवस एका घरात होतो. चुलतभावामार्फत निरोप द्यायचो. सव्वीस वर्षं अशी गेली.

आणि मी ती गाडी लिलावात घेतली ती त्याला द्यायला, असं म्हणायला आज मला आवडेल. तसं नव्हतं. वर्तमानपत्रात फोटो पाहिला, नंबर ओळखला, आणि वाटलं की आपल्या घरातली निदान एक वस्तू आपल्यापाशी असावी. माझ्यासाठीच घेतली मी. भूपालच्या पोरीशी चढाओढ करून घेतली, एवढंच मला ठाऊक नव्हतं.

तीन आठवड्यांनी सन्मतीला फोन केला. म्हणालो, साहेब हो म्हणालेत. तुम्ही पुण्याला येऊ नका, मीच रविवारी गाडी घेऊन येतो.

राजारामपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं तळमजल्याचं घर होतं. मी पोचलो तेव्हा दहा वाजले होते. भूपाल पायरीवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, एक हात भिंतीला लावून. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण दहा वर्षांनी मोठा दिसत होता. मी इंजिन बंद करायला गेलो तशी त्याने हात वर केला.

“बंद नका करू. जरा चालू दे.”

तो ऐकत उभा राहिला. मिनिटभर असेल. मग सन्मतीच्या खांद्यावर हात ठेवून खाली आला आणि बॉनेटपासून मागच्या दिव्यापर्यंत सगळ्या गाडीवरून तळवा फिरवत गेला. गल्लीतली माणसं बघायला बाहेर आली होती.

“रंग कुठला केलाय?”

“हिरवा,” मी म्हणालो. घसा साफ करून, आवाज जरा खालचा ठेवून. “गर्द.”

“आमची पांढरी होती. मळखाऊ नव्हती, म्हणून वडिलांचा जीव जायचा.” तो हसला. “नाव काय तुमचं?”

“ड्रायव्हरच म्हणा,” मी म्हणालो. त्याला ते उद्धट वाटलं असावं, कारण पुन्हा त्याने विचारलं नाही.

तो पुढे माझ्या शेजारी बसला, सन्मती मागे. बसल्यावर त्याने समोरच्या फळीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. “लाकूड नवीन आहे,” म्हणाला. “काम मात्र नीट केलंय माणसाने.” मग गाडी रंकाळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो नुसता इंजिन ऐकत बसला. दोन्ही हात मांडीवर, मान किंचित खाली. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी मोकळी झाली तसा त्याचा चेहरा बदलला. तो मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिला. वडील चालवायचे आणि तो शेजारी बसायचा, तेव्हाचाच चेहरा. मधे काही झालंच नव्हतं जणू.

“उद्यमनगरवरून घेता का परत जाताना?” त्याने विचारलं. “आमचा कारखाना होता तिथे.”

घेतलं. जुन्या फाउंड्रीच्या जागेसमोर त्याने थांबायला सांगितलं. ती जागा त्याने बिनचूक ओळखली, वळणं मोजून.

“काय आहे आता इथं?”

“बिल्डिंग आहे.”

“किती मजली?”

मी मोजले. “पाच.”

“खाली दुकानं?”

“मोबाइलचं एक. एक मेडिकल.”

“मेडिकल उघडंय?” मागून सन्मती म्हणाली. “बाबा, तुमची गोळी संपलीय, घेऊनच येते. काका, दहा मिनिटं थांबाल?”

ती उतरली. मी इंजिन बंद केलं. रविवार असल्यामुळे उद्यमनगर शांत होतं. कुठेतरी एकच लेथ चालू होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकटे एका जागी बसलो होतो, आणि ते फक्त मलाच माहीत होतं.

“घरी कोण कोण तुमच्या?” भूपालने विचारलं.

“कोणी नाही.”

“म्हणजे?”

“बायको गेली. दोन वर्षं झाली.”

“अरेरे. माझी पण. सन्मती बारावीला होती तेव्हा.” मग त्याने विचारलं, “भावंडं?”

“एक भाऊ आहे.”

“जाणं-येणं?”

“नाही.”

“जमिनीवरून?”

“नाही. असंच.”

तो हसला. मोठ्याने नाही. “आमचंही असंच. माझा एक थोरला भाऊ आहे पुण्यात. ही गाडी त्यानेच विकली. मी चिडलो. चिडलो म्हणजे काय, लहान होतो. एकवीस वर्षांचा. वाटलं, हा येईल, समजूत काढेल. तो नाही आला. मग मी पण नाही गेलो.” त्याने काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. “राग गेला हो केव्हाच. आता खरं सांगायचं तर, राग कसा होता ते पण नीट आठवत नाही. पण इतक्या वर्षांनी फोन करून बोलायचं काय? जेवलास का, म्हणून विचारायचं?”

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर धरून बसलो होतो.

“तुम्ही करता काय भावाला फोन?”

“नाही.”

“करा की. थोरले का धाकटे तुम्ही?”

“थोरला.”

“मग तुम्हीच करायला पाहिजे,” भूपाल म्हणाला. “धाकटा नाही करणार. धाकटा वाट बघत बसणार.”

मला तोंड उघडायचं होतं. नुसतं ‘भूपाल’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. तीन अक्षरं. पण मला दिसत होतं की मग पुढचंही सगळं सांगावं लागेल. की त्याच्या पोरीकडून ही गाडी मीच हिसकावली. की मी ड्रायव्हर बनून त्याच्या दारात आलो आणि तो आंधळा आहे याचा फायदा घेऊन त्याच्या मनातलं काढून घेतलं. त्याने भोळेपणाने सांगितलेली गोष्ट मी चोरून ऐकली होती. असा विचार करत मी बसून राहिलो. सन्मती औषधांची पुडी घेऊन रस्ता ओलांडताना दिसली.

“आली का?” त्याने विचारलं.

“आली,” मी म्हणालो, आणि चावी फिरवली.

घरी पोचल्यावर त्याने खिशातून शंभराची नोट काढली आणि माझा हात शोधून त्यात ठेवली. “चहापाण्याला. नाही म्हणू नका.” मी नाही म्हटलं नाही. ड्रायव्हर नाही म्हणाला नसता. माझा हात त्याच्या हातात जरा जास्त वेळ राहिला, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

“साहेबांना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या रविवारी त्यांची हरकत नसेल, तर बघा. पेट्रोल मी घालीन.”

“विचारतो,” मी म्हणालो.

शनिवारी सन्मतीचा फोन आला. मी टेबलावरचा मोबाइल वाजताना बघत राहिलो. उचलला असता तर पुन्हा ड्रायव्हर व्हावं लागलं असतं, नाही तर भाऊ. ड्रायव्हर होववत नव्हतं आणि भाऊ व्हायचा धीर होत नव्हता. मी ठरवत होतो की पत्र लिहीन. सन्मती त्याला वाचून दाखवेल, म्हणजे मला समोर असायला नको. चार-पाच वेळा लिहायला घेतलंही. ‘प्रिय भूपाल’च्या पुढे शाई सरकायची नाही. फोन आणखी दोनदा आला, मग यायचा थांबला. गाडी खाली पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती. सोसायटीतले लोक कौतुकाने विचारायचे, कधी फेरी मारवणार? मी म्हणायचो, बॅटरी उतरलीय.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या चुलतभावाचा फोन आला. भूपाल गेला, मूत्रपिंडं निकामी झाली होती, म्हणाला. तुला कळवायचं की नाही ते कळत नव्हतं, असंही म्हणाला.

या सगळ्याला आता बारा वर्षं झाली. ती गाडी माझ्याकडे नाही, सन्मतीच्या नावावर आहे, आणि तिचा नवरा तिची निगा ठेवतो असं ऐकतो. पण गाडी तिला दिली त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

मी चौथ्या दिवशी गेलो, गाडी घेऊन. गल्लीच्या तोंडाशीच लावली, दारापर्यंत नेली नाही. घरात दोन-तीन शेजारणी होत्या, त्या उठून आत गेल्या. सन्मतीने मला बघून पदराने डोळे पुसले. साडीत ती एकदम मोठी दिसत होती.

“काका, तुम्ही? कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कळलं,” मी म्हणालो, आणि भिंतीशी टेकून सतरंजीवर बसलो.

तिने पाणी आणून दिलं. मग ती म्हणाली, “तुम्हाला मी फोन केले होते. बाबांनी करायला लावले. त्या दिवशी फिरून आल्यावर ते इतके खूश होते. म्हणाले, ड्रायव्हर माणूस अबोल आहे, पण चांगला आहे. पुढच्या रविवारी येतो का विचार. तुम्ही फोन उचलला नाहीत, तर मला म्हणाले, कामात असेल, पण येईल बघ. सकाळी नऊलाच शर्ट घालून तयार. मी म्हटलं, बाबा, त्यांनी हो कुठे म्हटलंय? तरी बूट घालून पायरीवर बसले. उन्हं वर येईपर्यंत.”

“एका रविवारी?” मी विचारलं.

“तीन,” सन्मती म्हणाली. “चौथ्या रविवारी दवाखान्यात होते.”

मी पेला खाली ठेवला.

“तुमचा काही दोष नाही काका,” ती म्हणाली. “साहेबांनी नाही म्हटलं असेल. त्यांची गाडी, त्यांची मर्जी. एकदा दिली हेच खूप झालं.”

“साहेब कोणी नव्हते,” मी म्हणालो. खिशातून चावी काढली आणि तिच्यासमोर सतरंजीवर ठेवली. “गाडी मीच घेतली होती. माझ्याच पैशाने. ड्रायव्हर म्हणून खोटं सांगितलं.”

ती चावीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. माझं कपाळ, नाक, कानाची पाळी, असं एकेक करून. मी मान खाली घातली नाही. तेवढं मला जमलं.

“तुमचं नाव काय?” तिने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं.

मी नाव सांगितलं. शाळेत हजेरीला उभं राहून सांगायचो तसं, पूर्ण. आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव.